तबकडीवरचे नाव आणि आतली साक्ष : नकली घड्याळ ओळखण्याचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास

१/
नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. रेल्वेस्थानकाच्या फलकावर निजामी राजवटीतले नाव आहे. परमेश्वर मंदिराच्या ओढीने येणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून वाढोणाच आहे. केवळ फलक वाचून या गावाचे वय ठरवू पाहणारा हमखास चुकेल. त्यासाठी मंदिराचे दगड पाहावे लागतील.
मनगटावरच्या घड्याळाचेही असेच आहे. तबकडीवरचे नाव हा फलक. खरी साक्ष आत असते. हे जगाला कसे उमगत गेले, त्याचा हा थ्रेड.

२/
नकली घड्याळ हा आजच्या ऑनलाइन बाजाराचा रोग नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे घड्याळजी युरोपात सर्वश्रेष्ठ मानले जात. थॉमस टॉम्पियनसारख्या कारागिराचे नाव असलेल्या घड्याळाला मोठी किंमत येई. तेव्हा एक युक्ती निघाली. नामवंतांची नावे कोरलेल्या रिकाम्या केस आणि तबकड्या परदेशी पाठवायच्या, तिथे त्यांत हलके यंत्र बसवायचे आणि ‘लंडनचे घड्याळ’ म्हणून विकायचे.

३/
या प्रकाराला आळा घालण्यासाठी इंग्लंडच्या संसदेने १६९८ मध्ये कायदा केला. यंत्राविना केस किंवा तबकडी देशाबाहेर नेण्यास बंदी आली, आणि प्रत्येक घड्याळावर कर्त्याचे नाव व गाव कोरणे बंधनकारक झाले.
हेतू उत्तम होता. पण त्यात एक विरोधाभास दडला होता. नाव हीच ओळख ठरली की नावाचे मोल वाढते, आणि मोल वाढले की नक्कल करणाऱ्याचा लाभही वाढतो. शिवाय घड्याळातल्या साऱ्या गोष्टींत नक्कल करायला सर्वांत सोपे असते ते नावच.

४/
अठराव्या शतकात हेच घडले. युरोपच्या मुख्य भूमीवर तयार झालेली हजारो स्वस्त घड्याळे ‘लंडन’ असे कोरून विकली गेली. काहींवर तर अस्तित्वातच नसलेल्या कारागिरांची नावे होती. ‘टार्ट्‌स, लंडन’ हे त्यांतले एक प्रसिद्ध उदाहरण. या नावाचा घड्याळजी लंडनमध्ये शोधूनही सापडत नाही.
अभ्यासक ही घड्याळे आज ओळखतात ती नावावरून नव्हे, तर आतल्या पुलाच्या घडणीवरून. कोरणारा लंडन लिहू शकत होता. पण लंडनच्या हाताचे वळण त्याच्या हाताला नव्हते.

५/
पुढचा मोठा डाव अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीचा. त्याच्या नावाची नक्कल इतकी होऊ लागली की त्याने १७९५ च्या सुमारास ‘गुप्त सही’ योजली. पँटोग्राफ या उपकरणाने तबकडीवर १२ च्या आकड्याजवळ इतक्या बारीक अक्षरांत नाव कोरले जाई की समोरून ते दिसतच नसे. तबकडी तिरप्या प्रकाशात धरली तरच ती अक्षरे उमटत.

६/
ब्रेगेने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच अधिक टिकली. प्रत्येक घड्याळाला क्रमांक दिला आणि ते कोणाला विकले याची नोंद वहीत ठेवली. त्या वह्या आजही जतन आहेत.
म्हणजे घड्याळाची सत्यता आता घड्याळाबाहेरच्या कागदावरही उभी राहिली. वस्तू एक सांगते, वही तेच सांगते का? इतिहासाचा विद्यार्थी हा प्रश्न चटकन ओळखेल. एका साधनाची दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी पडताळणी, तीच ही.

७/
नक्कल फक्त महागड्या वस्तूचीच होते, हा समज एकोणिसाव्या शतकाने खोडून काढला. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ याने स्वित्झर्लंडमध्ये कामगाराला परवडेल असे, सुमारे २० फ्रँकचे खिशातले घड्याळ बनवले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. लगोलग त्याच्या नावात एखादे अक्षर वाढवून वा बदलून तशीच घड्याळे काढणाऱ्यांची रांग लागली.
जिथे विश्वास, तिथे नक्कल. किंमत हा दुय्यम मुद्दा.

८/
आता मुंबईकडे वळू. १७३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ल लॉक्ल गावी सुरू झालेल्या फाव्र-ल्यूबा या घराण्याने १८६५ मध्ये मुंबईत पाय रोवले. १८८६ मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव पुढे आले. घड्याळे स्विस, नाव लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचे आणि बाजार हिंदुस्थानचा! तिच्या एका लोकप्रिय घड्याळाचे नाव होते ‘सोवार’, म्हणजे आपला स्वार. फौजेतल्या शिपायापासून रेल्वेच्या बाबूपर्यंत हे घड्याळ पोहोचले.

९/
येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. तबकडीवरचे नाव दर वेळी कर्त्याचेच असते असे नाही. पुष्कळदा ते विक्रेत्याचे असते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील ते सुप्रसिद्ध वाजणारे घड्याळ मराठवाड्यातल्या किती तरी शालेय सहलींनी पाहिले आहे. त्याच्याशी जोडलेले कुक अँड केल्वी हे नाव कलकत्त्याच्या एका नामांकित पेढीचे.
विक्रेत्याचे नाव असणे म्हणजे लबाडी नव्हे. नाव कोणत्या नात्याने तिथे आले, हे विचारणे महत्त्वाचे.

१०/
हिंदुस्थानात बाजार वाढला तसा कायदाही आला. १८८९ चा ‘इंडियन मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट’ खोट्या व्यापारी खुणांविरुद्ध होता. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाची कायदेव्यवस्था वेगळी होती.
तरीही व्यवहारात खेड्यातल्या ग्राहकाचा खरा आधार कायदा नसून ओळखीचा घड्याळजी असे. डोळ्याला भिंग लावून बसलेला तो माणूस हेच त्याचे न्यायालय.

११/
स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे बनवण्यास प्रारंभ केला. जनता, पायलट, कोहिनूर, जवाहर ही नावे घरोघरी पोहोचली. काही तबकड्यांवर आकडे चक्क देवनागरी होते.
मराठवाड्यात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याचा तो काळ. त्या घड्याळात वधूपित्याची ऐपत आणि अब्रू, दोन्ही टिकटिकत असत.

१२/
याच काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मागणी मात्र होती; त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरून सोन्याबरोबर घड्याळेही चोरट्या मार्गाने येऊ लागली. हा व्यापार किती मोठा असावा, याची खूण कायद्यातच सापडते.
१९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १२३ सोन्याबरोबर घड्याळांचा नाव घेऊन उल्लेख करते. तस्करीच्या संशयाने जप्त झालेले घड्याळ तस्करीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार ते ज्याच्याकडून जप्त झाले त्याच्यावर!

१३/
या निर्बंधांचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. चोरट्या मालाला पावती नसते, हमीपत्र नसते, विक्रेत्याचे नाव नसते. ब्रेगेने उभी केलेली कागदाची साक्ष इथे मुळातूनच नाहीशी झाली.
‘फॉरेनचे आहे, कागद विचारू नका’ या एका वाक्याच्या आडोशाला खरे घड्याळ आणि नकली घड्याळ शेजारी शेजारी विकले जाऊ शकत होते. फसलेला ग्राहक तक्रार करणार कोणाकडे? तक्रार म्हणजे आपणही चोरटा माल घेतल्याची कबुलीच.

१४/
त्यातून दुसराही प्रश्न उभा राहिला : सुट्या भागांची टंचाई. जुने स्विस घड्याळ बिघडले तर मूळ भाग मिळणे कठीण. मग घड्याळजी दुसऱ्या घड्याळाचे चाक काढून यात बसवी, काळवंडलेली तबकडी नव्याने रंगवून घेई. लबाडीचा येथे संबंध नव्हता. वस्तू टाकून न देता चालती ठेवणाऱ्या समाजाचे ते कौशल्य होते.
आज घराघरांतून मिळणारी अनेक जुनी घड्याळे अशी ‘जोडकाम’ झालेली आहेत.

१५/
पुढे हेच कौशल्य वेगळ्या वाटेला लागले. जुनी घड्याळे गोळा करायची, केस घासून चकचकीत करायची, तबकडी भडक रंगात नव्याने छापायची आणि ‘अस्सल, जुने, न वापरलेले’ म्हणून जगभर विकायची. आंतरराष्ट्रीय संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नावच पडले आहे. फाव्र-ल्यूबाचे सी किंग, वेस्ट एंडचे सोवार, सायको फाइव्ह आणि आता एचएमटीसुद्धा यात सापडते. एका शहराच्या कारागिरीचे नाव असे संशयाचा शब्द व्हावे, ही खेदाची गोष्ट.

१६/
म्हणून तीन प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे.
नकली : यंत्र एकाचे, नाव दुसऱ्याचे, हेतू फसवणुकीचा.
जोडकाम : भाग खरे, पण निरनिराळ्या घड्याळांतले.
पुनर्रंगित : घड्याळ मूळचे, तबकडी नव्याने रंगवलेली.
दुसरे व तिसरे स्वतःहून गुन्हा नाहीत. विक्रेता ते सांगून विकतो की लपवून, यावर सारे अवलंबून. दुरुस्ती लपवली की तिची फसवणूक होते.

१७/
आता ओळखण्याची पद्धत. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ती परकी वाटणार नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि मूळ कागदाचा आग्रह धरला. जुना कागद हाती आला की कागदाचा पोत, मोडीचे वळण, शिक्का, मायना आणि कालगणना हे सारे परस्परांशी जुळते का, हे पाहिले जाते.
उदाहरणार्थ, राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या घटनेच्या दिवशीच लिहिल्याचा दावा करणारे पत्र जर तो शक वापरत असेल, तर ते पत्र बनावट.

१८/
हाच कालविसंगतीचा नियम घड्याळाला लावावा. एचएमटीची मनगटी घड्याळे १९६१ पासूनची. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले १७ सप्टेंबर १९४८ रोजी. तेव्हा ‘निजामाच्या काळातले एचएमटी’ हे शक्यच नाही.
पण सावध राहावे! इथे घड्याळ खोटे असेलच असे नाही. कदाचित घरातली आठवण दहा-वीस वर्षांनी सरकलेली असेल. विसंगती आढळली की काहीतरी चुकले आहे एवढेच कळते. काय चुकले, ते पुढे शोधावे लागते.

१९/
पहिली साक्ष तबकडीची. भिंगातून पाहिल्यास कारखान्यातली छपाई कडेला स्वच्छ दिसते. हाताने वा हलक्या साच्याने केलेली छपाई पसरलेली दिसते. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात का? अक्षरांतील अंतर सारखे आहे का? तबकडी नवीकोरी आणि काटे मात्र गंजलेले, असे तर नाही ना?
साठ वर्षांत घड्याळाचे सारे भाग एकत्र म्हातारे होतात. एकटाच तरुण राहिलेला भाग संशयास्पद.

२०/
दुसरी साक्ष अंधाराची, आणि ती सर्वांत रंजक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियम वापरत. साठच्या दशकापासून त्याची जागा ट्रिटियमने घेतली. अशा अनेक स्विस तबकड्यांवर तळाशी इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असते. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे १९६५ च्या तबकडीत आज त्याचा अगदी अल्प अंश उरला असणार.
तरीही ती रात्रभर हिरवीगार चमकत असेल, तर तो रंग अलीकडचा आहे. पदार्थविज्ञान खोटी साक्ष देत नाही.

२१/
इथे एक इशारा. रेडियमची तबकडी आज चमकत नाही. कारण त्यातला चमकणारा पदार्थ थकलेला असतो. पण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे, त्यामुळे त्याचा किरणोत्सार कायम असतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या तरुण कामगार मुलींनी कुंचला ओठांनी टोकदार करण्याच्या सवयीपायी प्राण गमावले.
म्हणून जुन्या घड्याळाची काच काढून तबकडी खरवडणे, फुंकणे वा पुसणे टाळावे. ते काम जाणकाराचे.

२२/
तिसरी साक्ष आकड्यांची. जपानी सायको घड्याळाच्या पाठच्या झाकणावर दोन गटांत आकडे असतात. पहिले चार अंक आतल्या यंत्राचे. तबकडीच्या अगदी तळाशीही बारीक संकेतांक असतो. दोन्हींतला यंत्राचा क्रमांक जुळायला हवा, आणि झाकण उघडल्यावर यंत्रावरही तोच दिसायला हवा. अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा.
पुनर्रंगित तबकडीवर हा संकेतांक बहुधा गायब असतो किंवा भलताच असतो. रंगवणारा मोठी अक्षरे जपतो, छोटी विसरतो.

२३/
चौथी आणि निर्णायक साक्ष यंत्राची. पाठचे झाकण उघडल्याखेरीज निवाडा नाही. यंत्रावर निर्मात्याची खूण आहे का? स्क्रूंची डोकी ओरबाडलेली आहेत का? यंत्र केसमध्ये नीट बसते की पत्र्याची पट्टी घालून दाबलेले आहे?
काटा सरकतो की टिकटिकतो, ही लोकप्रिय कसोटी मात्र अपुरी आहे. ताशी १८,००० ठोक्यांचे जुने यंत्र सेकंदाला ५ पावले टाकते, २८,८०० चे ८. नकली घड्याळातही आता असेच यांत्रिक यंत्र असू शकते.

२४/
आजच्या महागड्या घड्याळांच्या कंपन्याही ब्रेगेच्याच वाटेने गेल्या आहेत. रोलेक्सने एकविसाव्या शतकाच्या आरंभी काचेवर ६ च्या आकड्याजवळ डोळ्यांना सहज न दिसणारा सूक्ष्म मुकुट कोरण्यास प्रारंभ केला. काही काळातच नकलाकारांनी तोही कोरला. २०० वर्षांत यंत्रे बदलली, खेळ तोच राहिला : प्रत्येक गुप्त खूण प्रसिद्ध होताच निरुपयोगी होऊ लागते.
म्हणून एकाच खुणेवर विसंबणारा फसतो. नकलाकार एक साक्षीदार फितवू शकतो. सगळ्यांचे एकमत घडवणे त्याला महाग पडते.

२५/
कायद्याची आजची स्थिती : १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम १०३ नुसार खोटे चिन्ह लावण्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘स्विस मेड’ या दोन शब्दांचे नियमन स्वित्झर्लंडने १९७१ मध्ये केले. २०१७ पासून घड्याळाच्या निर्मितिखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असणे आवश्यक झाले.
मात्र कायदा फसवणुकीनंतर येतो. खरेदीच्या क्षणी ग्राहकाजवळ असतो तो फक्त स्वतःचा डोळा.

२६/
एचएमटीचा घड्याळनिर्मितीचा उद्योग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली, आणि एकेकाळी लग्नात सहज मिळणारे घड्याळ संग्राहकांची वस्तू झाले. त्याबरोबर कारखान्याने कधीच न काढलेल्या रंगांच्या आणि चित्रांच्या तबकड्या बाजारात आल्या.
यात ग्राहकाचे दोन-तीन हजार बुडतात, हे नुकसान लहान. मोठे नुकसान असे की, उद्याचा अभ्यासक याच तबकड्या पाहून ‘एचएमटीने अशीही घड्याळे बनवली’ असे लिहून ठेवील. बनावट सनद जशी इतिहासात घुसते, तशीच बनावट तबकडीही.

२७/
म्हणून हिमायतनगर, हदगाव, किनवट, उदगीर, औसा, कुठेही घरातल्या पेटीत जुने घड्याळ सापडले, तर ते विकण्याआधी किंवा चकचकीत करून घेण्याआधी त्याची नोंद करावी. कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, कोणी दुरुस्त केले, कोणता भाग बदलला. पाठच्या झाकणावरचे आकडे उतरवावेत. लग्नातला एखादा फोटो असेल, तर त्यातले मनगट पाहावे.
डागाळलेली मूळ तबकडी रंगवलेल्या तबकडीपेक्षा अधिक बोलते. डाग हेही साधनच आहे.

२८/
आणि तपासणीअंती आजोबांचे घड्याळ नकली निघाले तर? ते बाजारात कमी किमतीचे ठरेल. पण इतिहासाला निरुपयोगी ठरणार नाही. निर्बंधांच्या काळात एका घराने परदेशी नावाची किती आस धरली, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तरीही ते घड्याळ किती वर्षे चालवले, याचा ते अस्सल पुरावा आहे. खोटी वस्तूसुद्धा आपल्या काळाविषयी खरे सांगते, तिला योग्य प्रश्न विचारला तर.
नाव वाचावे जरूर. निवाडा मात्र सगळ्या साक्षी ऐकून करावा.

(थ्रेड समाप्त)